दारातला लाल पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. चित्रपट ज्यावर दिसतो तो पांढरा पडदा मी नव्हे. सोलापुरातल्या एका चित्रपटगृहाच्या दारात लोंबतो, तो जाड लाल पडदा मी. बाहेरचं ऊन आत येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

इथल्याच यंत्रमागावर मला विणलं आणि नवी पेठेतल्या शिंप्याने शिवलं. नवा होतो तेव्हा लोक माझ्यावरून हात फिरवत म्हणत, "कापड झ्याक हाय की." आता रंग विटला आहे. खांद्याच्या उंचीवर कड विरली आहे, ती भुतांच्या चित्रपटांमुळे. ते लागले की काही माणसं उठून दाराशी येतात आणि मला मुठीत धरून उभी राहतात.

हात मला कळतात. आत सगळ्यांत मोठ्याने हसणाऱ्याचा तळवा ओला असतो. किंचाळलेली बाई दुसऱ्या मिनिटाला शेंगा खात असते. असं का, ते मला मागच्या उन्हाळ्यापर्यंत समजलं नव्हतं.

दुपारच्या खेळाला गंगाधर गुरुजी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई आले होते. बाईंनी तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काम केलेलं. भुतांची हौस त्यांनाच. पहिली किंकाळी ऐकताच गुरुजी उठले आणि त्यांनी मला घट्ट धरलं.

"आजोबा, भूत तिकडं हाय. तुमी कुटं पळताय?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळी रांग हसली.

मध्यंतरात बाई दाराशी आल्या. गुरुजी खाली बघत म्हणाले, "इथून पुढं तू एकटीच येत जा. माझ्यापायी तुझं हसं नको."

"एकटी येऊन काय करू? भ्याले तर हात कुणाचा धरू?"

"तू कुठं भितीस?"

"लई भिते. पण हितली भीती तीन तासांत संपती, अहो. वॉर्डातली माझ्याबरोबर घरी यायची."

"ठाऊक आहे. ड्यूटीवरून आलीस की सगळं मला सांगायचीस. ते अजून डोळ्यापुढं येतं. म्हणून मला पडद्यावरचंही खोटं वाटत नाही."

बाईंनी गुरुजींची बाही धरली. मग म्हणाल्या, "तवाच थांबवायचं की मला."

"तुला कुणाला तरी सांगायला हवंच होतं."

दारावर तिकिटं तपासणारे बडेसाब हे ऐकत होते. त्यांनी दोघांना माझ्या शेजारच्या शेवटच्या खुर्च्यांवर बसवलं. तेव्हापासून त्या जागा त्यांच्याच. गुरुजींचा एक हात बाईंच्या हातात असतो, दुसरा माझ्या कडेवर.

दिवाळीआधी मालक मला काढून टाकणार होते. बडेसाब म्हणाले, "सायेब, ह्यो फाटला न्हाय. लोकांनी धरलाय." आणि त्यांनी स्वतः सुई घेऊन मला खाकी ठिगळ लावलं.

मित्रांनो, मला शेंगांचे हात पुसू नका आणि अधूनमधून माझी धूळ झटका. आणि शेजारचा कोणी भ्याला, तर त्याला हसू नका. त्याने कुणाचं काय काय ऐकून घेतलं आहे, ते आपल्याला ठाऊक नसतं.

परवा गुरुजींनी मध्यंतरापर्यंत मला हातही लावला नाही. मला जरा चुकल्या-चुकल्यासारखं झालं, पण बरं वाटलं.