राणीसाहेबांचा साचा
"मेलेल्याचा साचा असलेल्या खोलीत तान्हं मूल घेऊन बसू नये गं," सासूबाईंनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. कॉलेज शिकलेली मी, प्लास्टरच्या तुकड्याला काय भ्यायचं?

आमचे हे मूर्तिकार. थोरल्या राणीसाहेब गेल्या आणि राजेसाहेबांनी त्यांची संगमरवरी मूर्ती सांगितली. चेहऱ्याचा साचा राजवाड्यातूनच आला. "प्राण गेल्यावर तासाभरात घेतलाय," कारभारी म्हणाले. "राजेसाहेबांच्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं हो."

काल बाळाला साच्याच्या खोलीतच भरवत होते. एक घास गिळायचा, चार थुंकायचे, मधल्या वेळात हाताला येईल ते ओरबाडायचं. साच्यावर नाकाच्या जागी मेणाचे दोन ठिपके होते. त्यानं नखानं दोन्ही उकरून काढले. आरपार भोकं, गोल, बोरूएवढी.

माझ्या मनात पाल चुकचुकली.

"अहो, जिवंत माणसाचा साचा घेताना नाकात नळ्या घालता ना?"

"मग? गुदमरेल की तो."

"आणि मेलेल्याचा घेताना?"

यांची छिन्नी थांबली. साचा उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. "घेणाऱ्यानं घातल्या असतील सवयीनं."

"सवय कुणाला, राणीसाहेबांना श्वास घ्यायची?"

"हळू बोल! तुला ना, देव्हाऱ्यातही चोर दिसतो."

एवढ्यात कारभारी दारात. मी भोकांवर पदर टाकला. ते मूर्तीभोवती फिरले, मान डोलावली. "झकास. उद्या या, धाकट्या राणीसाहेबांचाही साचा घ्यायचाय."

"त्यांचा? लग्नाला सहा महिने नाही झाले," हे म्हणाले.

"राजेसाहेबांना दोघी शेजारी हव्यात. दगड मिळायला वेळ लागतो बाबा, तयारी आधीच बरी."

नाही म्हणायची सोय नव्हती. सकाळी हे गेले, दुपारी परतले. "ठणठणीत आहेत. केसांत प्लास्टर अडकलं म्हणून खो खो हसत होत्या. झालं समाधान?"

"नळ्या घातल्यात?"

"घातल्या."

मग जेवले नाहीत. हात मात्र तीनदा धुतले.

मला राजवाड्यात कोण सोडणार? तुमच्यापैकी कुणाचं तिथं जाणंयेणं असेल, तर आजच जा. धाकट्या राणीसाहेबांना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. झोपल्यात असं कुणी सांगितलं, तर उठवायला लावा.