पित्तवाल्यांची रांग

केदारने एकवीस दिवस कुणावर हात उगारला नाही, तरच क्षिप्रा माहेरून परतणार होती. म्हणून तो घोडबंदरच्या आपल्या सोसायटीत वात-पित्त-कफ दोष-संतुलनाच्या वर्गाला बसायचा. गुरुजींनी सोयीसाठी सगळे पित्तवाले एकाच रांगेत, एकाच टेबलफॅनसमोर बसवले होते.

एकविसाव्या सकाळी ओंकार चालू असताना शेजारच्या स्वानंदने पंखा हळूच स्वतःकडे वळवला. केदारने ओंकार न तोडता त्याचं नाक फोडलं. स्वानंदने तांब्या हाणून केदारचे दोन दात पाडले. मग अख्खी रांग एकमेकांवर तुटून पडली. सोडवायला गेलेल्या गुरुजींची बरगडी मोडली. कफवाले घोरत राहिले.

तेवढ्यात बॅग घेऊन क्षिप्रा दारात आली.

"माझ्या नवऱ्याचे दात कुणी पाडले रे?" असं विचारून तिने तीच बॅग तांब्या धरून उभ्या स्वानंदच्या डोक्यात घातली.

आडव्या पडलेल्या गुरुजींनी कण्हत केदारशेजारची चटई सरकवली. "या ताई. तुमची जागा इथेच."