चाकूंचे वाटे

अंबाजींनी चाकू कानाशी नेला आणि नखाने पातं उघडलं. खट्ट. आवाज मनासारखा आला, तसा तो डावीकडच्या ढिगात ठेवून त्यांनी पुढचा उचलला.

हैदराबादेतल्या आबिड्सच्या त्या सरकारी कचेरीत सध्या वाटण्याच चालल्या होत्या. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन भाग व्हायचे होते. मराठी कारकून औरंगाबादला, कानडी गुलबर्ग्याला, तेलुगू इथेच. खुर्च्या वाटल्या, कपाटं वाटली; उरले पेन्सिली तासायचे घडीचे चाकू. एका साच्यातले, स्वस्तातले. तीन वाटे करा न् मोकळे व्हा, असं साहेबांनी सांगितलं होतं.

अंबाजी काही मोकळे होईनात. पातं चिमटीत धरून हलवून बघत, धार कागदावर लावत. एकाच यंत्रातून निघालेल्या जिनसांत एवढं वेगळेपण? एक कडक, एक मवाळ, एक उघडायलाच रुसलेला. देवासाठी फुलं निवडावीत तशी त्यांची बोटं हलकेच फिरत होती.

शेजारच्या टेबलावरचा वेंकटय्या हसला. तो दखनीत बोले, हे मराठीत; इतक्या वर्षांत दोघांचं कधी अडलं नव्हतं.

"सब एकीच कारखाने का माल है, अंबाजीराव. सोना तौलरे क्या?"

"सारखे दिसतात, म्हणून तर बघायचं."

एका चाकूवर मात्र बोटं थांबली. हा त्यांच्या रोजच्या हातातला. खीळ सैल, पातं डुलतं. पारखणाऱ्याने आधी बाजूला काढावा असा. अंबाजींना तोच न्यायचा होता. पण सरकारी वस्तू, आणि तीही असली! मागितली तर कचेरी हसली असती.

गावाकडे शेतीची वाटणी होते तेव्हा वाटे पाडणारा शेवटी उचलतो. इथेही तेच ठरलं होतं. अंबाजींनी सगळे डुगडुगते, बोथट चाकू एकाच ढिगात घातले, आपलाही त्यातच सरकवला. असला वाटा कोण उचलतो? तो उरून आपल्याबरोबरच येईल; औरंगाबादची मंडळी बोटं मोडतील, मोडोत बापडी.

दुपारी गुलबर्ग्याला जाणारा बसप्पा आला आणि न बघताच एक चांगला ढीग घेऊन गेला. वेंकटय्याने मात्र खुर्ची पुढे ओढली. दोन्ही ढिगांतले चाकू एकेक करून उघडले, मिटले. मग खराब ढीग आपल्याकडे ओढला.

"अरे, ते खराब आहेत," अंबाजींच्या तोंडून निघून गेलं. "हे घे ना."

"हौ, देखा मैं. तुम नई जगा जारे. अच्छे तुमारे कने रैना."

अंबाजी उरलेले चाकू फडक्यात बांधू लागले.

वेंकटय्याने आपल्या ढिगातून शोधून एक चाकू काढला आणि पेन्सिल तासायला घेतली. पातं डुलू लागलं, तसा त्याने खिळीवर अंगठा दाबून धरला, आजवर अंबाजी धरायचे तसाच. वर काही पाहिलं नाही.

अंबाजींच्या हातातल्या फडक्याची गाठ काही केल्या बसेना.