राजाची अडीच घरं

राजा तिसऱ्यांदा मागे आला.

बाबांनी माउस घट्ट धरला, नट आवळताना पाना धरावा तसा, आणि राजाला पुन्हा उचलून घोड्यासारखं अडीच घरं पलीकडे नेऊन ठेवलं. क्षणभर तो तिथे थांबला आणि सरकन आपल्या जागी परतला.

"हा मांगं काहून येते?"

"त्याले ती चाल चूक वाटते, बाबा."

"त्याले म्हंजे कोनाले?"

मंजुषाने खुर्ची जवळ ओढली. "आतमधी दोन जन हायत. एक खेळते, त्याले इंजिन म्हनतात. त्याले पट नाई, मोहरे नाई, नुसता हिशेब. दुसरा आपल्याले पट दाखवते अन् आपली चाल त्याले नेऊन सांगते. हा दुसरा आपन निवडाचा."

"म्हंजे इंजिन तेच, डबे कोनतेबी जोडा."

"हो, तसंच."

"मंग हा डबा बदल. याचं डोकं फिरलं हाय."

बाबा, म्हणजे देवमन, तीस वर्षं जऊळक्याच्या रुळांवर गँगमन होते. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी जेवण उरकून ते उकंडराव शिंप्यांच्या ओसरीवर जात आणि शिलाई मशीनशेजारी पट मांडून दुपार संपवत. गावात असं खेळणारे चौघं होते. दोघं आधीच वारले; मागच्या उन्हाळ्यात उकंडरावही गेले आणि एकटे देवमन उरले. "दिवसभर भिताकडं पाहत बसते तुवा बाप," आईने फोनवर सांगितलं होतं. "काही कर बाई." पुण्याला औषधांच्या कंपनीत गोळ्या तपासणारी मंजुषा चार दिवसांची रजा टाकून आली ती जुना लॅपटॉप घेऊनच. त्यांच्याशी खेळणारं कुणीतरी चार दिवसांत घरात ठेवून जायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

अडचण एका चालीची होती. या चौघांच्या खेळात राजाला डावात एकदा, शह बसायच्या आधी, घोड्यासारखी उडी मारता येई. पुस्तकातला किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग, त्यांना ठाऊक नव्हता. राजा मधल्या गर्दीतून बाहेर पडायचा तो या उडीनेच. उडी नसली की तो जिथल्या तिथे मरायचा. सकाळपासून दोनदा मेला होता. इंजिनाची ताकद तिने सगळ्यात खाली ठेवली होती, तरीही.

तिने किल्लेकोट करून दाखवला. राजा दोन घरं सरकला, हत्ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन बसला.

बाबांनी पडद्यावरच्या हत्तीवर बोट ठेवलं. "एका चालीत दोन मोहरे. अन् हत्ती राजाच्या अंगावरून. हे कायदेशीर, अन् माही उडी बेकायदा?"

मंजुषा हसली, पण ते हसणं तिच्याच अंगावर आलं. सातवीत असताना ती तालुक्याच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेत दुसरी आली होती. प्रमाणपत्र घेऊन थेट उकंडरावांच्या ओसरीवर गेली, तर बाबांनी नेमकी राजाची उडी मारली होती. "हे चूक आहे," ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. शाळेतल्या मराठीत. "राजा असा चालत नाही. पुस्तकात बघा." उकंडराव म्हणाले, "घे देवमन, तुयी पोट्टी साहेब झाली." बाबा म्हणाले, "असन." त्यानंतर ते तिच्याशी कधी खेळले नाहीत. रागाने नाही. "तुयी शिकवन बिघडन," एवढंच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी तिने दुसरा इंटरफेस, म्हणजे बाबांचा 'डबा', उतरवला. त्यात देशोदेशीच्या बुद्धिबळांची यादीच होती: चिनी, जपानी, थाई. एकेक उघडत गेल्यावर कंबोडियाच्या खेळात तिला राजाची उडी सापडली. अगदी तशीच, एकदाच, शहाच्या आधी. तिने बाबांना हाक मारली. बाबांनी राजा उडवला. तो उडाला आणि तिथेच राहिला.

"जमलं," बाबा म्हणाले. मग त्यांनी वजीर हलवून पाहिला. तिथला वजीर तिरका चालत होता, पण एकच घर. उंटही तसाच, घरापुरता.

"हा वजीर हाय का ग्रामसेवक?" बाबांनी माउस सोडला. "अन् इतक्या दूरच्या लोकाईले मालूम हाय ते वाशीमात कोनाले मालूम नाई."

"त्याईचीबी म्हातारीच मानसं खेळत असतीन," भाकरी थापता थापता आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशीचा इंटरफेस दिसायला ओबडधोबड होता, पण त्यात चाली तपासणं बंद करायची सोय होती. मंजुषाने खूण काढली. राजा अडीच घरं उडाला. पट काही बोलला नाही. त्याने ती चाल इंजिनाला नेऊन सांगितली, आणि खाली इंग्रजीत एक ओळ उमटली.

"काय म्हनते?"

"चाल बेकायदेशीर."

"म्हंजे डबा तयार हाय, इंजिनच नाई म्हनून राह्यलं."

त्या दुपारी ती इंजिनाला उडी शिकवणारी नियमांची फाइल स्वतः लिहायला बसली. उडी देता आली. 'एकदाच' ही अट मात्र काही केल्या बसेना; राजे पटभर उड्या मारत सुटले. बाबांनी ते पाहिलं आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेले. तिने सगळं पुसून पहिलाच इंटरफेस परत लावला. निदान त्याचे मोहरे मोठे होते, चष्म्याशिवाय दिसणारे.

चौथ्या दिवशी बस दुपारची होती. बॅग दारात ठेवून मंजुषाने फळीवरचा लाकडी पट काढला. मोहरे उकंडरावांचेच, एक उंट हरवल्यापासून त्याच्या जागी दोऱ्याचं रीळ होतं.

"बाबा, माह्यासंगं खेळा. तुमच्या नियमानं."

ते बसले. बाराव्या चालीपर्यंत तिने मुद्दामच त्यांच्या उडीचं घर मोकळं ठेवलं होतं. बाबांनी त्या घराकडे पाहिलं. हात उचलला, तसाच धरून ठेवला.

"मारा ना उडी."

"नाई."

"इथं कोनी मांगं पाठवत नाई, बाबा. चूक मी होती. तेव्हा."

"तू जाशीन आता दोन वाजता," बाबा शांतपणे म्हणाले. "मंग मले त्या इंजिनासंगंच खेळाचं हाय. सवय बिघडन."

त्यांनी एका हाताने राजा दोन घरं सरकवला आणि दुसऱ्या हाताने हत्ती उचलून त्याच्या डोक्यावरून पलीकडे ठेवला. सावकाश, दोन्ही मोहरे घराच्या बरोबर मधोमध.

"आता बरोबर हाय ना, मंजू?"

"बरोबर आहे," ती म्हणाली.

बाबांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि तिच्या चालीची वाट पाहू लागले.