भुंगीचं दूध कुणी तोडलं

तिने घराच्या कुलपाला किल्ली लावली. छाती दगडासारखी दाटली होती. बॅगेचा पट्टा नुसता घासला तरी डोळ्यांत पाणी येत होतं. ती शहर बसची ड्रायव्हर. डेपोत विजेवर चालणाऱ्या नव्या बस आल्या, त्या शिकायला तिला आठवडाभर दुसऱ्या गावी पाठवलं होतं. तिथे जेवणाच्या सुट्टीत ती वर्कशॉपच्या बाथरूममध्ये उभ्याउभ्या दूध पिळून बेसिनमध्ये सोडायची, वरून नळ चालू करायची आणि ओला ब्लाऊज युनिफॉर्मखाली झाकून परत बॅटरीवरचं व्याख्यान ऐकायला बसायची. घरी दीड वर्षाची मुलगी होती, अजून अंगावर पिणारी. पिताना नाकातून असा काही सूर काढायची की तिचं नावच भुंगी पडलं होतं.

"भुंगे," चपला काढायच्या आधीच तिने हाक मारली.

भुंगी आतून दुडूदुडू आली आणि मधेच थांबली. आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग छातीकडे पाहिलं, आणि नाक मुरडून म्हणाली, "दूदू छी."

आई हसली, कारण तिला ते धड कळलंच नाही. गुडघे टेकून तिने हात पसरले. भुंगी मागे सरकली आणि आत्याच्या पायांना बिलगली.

आत्या म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. या आठवड्यापुरती मदतीला म्हणून आली होती. दोन मुलं वाढवल्याचं ती कुणाला विसरू देत नसे.

"बघ, कशी शहाणी झाली," आत्या म्हणाली. "नावसुद्धा काढत नाही आता. गाईचं दूध बाटलीत भरून साखर घालून दिलं की गटागटा पिते. दिवसभर बाटली सोडत नाही."

"छी कुणी शिकवलं तिला?"

"मीच. म्हटलं, आईच्या दूदूत किडे झालेत. लगेच ऐकलं पोरीनं. तू एवढा पेला-पेला खेळत बसली होतीस, त्यापेक्षा हे बरं."

ती उठली. काही बोलली असती तर ओरडलीच असती, म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

पेला-पेला खेळणं म्हणजे काय होतं ते तिचं तिला माहीत होतं. गाईचं दूध भुंगीनं पहिल्यांदा चाखलं तेव्हा सगळं थुंकून आईच्या शर्टावर उडवलं होतं. मग आईने स्वतःचं दूध काढून त्यात गाईचं चमचाभर मिसळलं, अंगाइतकं कोमट केलं. तो चमचा हळूहळू वाढवत नेला. सकाळचं अंगावरचं असंच सुटलं, मागोमाग दुपारचं. कुणी रडलं नव्हतं. राहिलं होतं ते ड्युटीवरून आल्यावरचं आणि झोपतानाचं, आणि त्या दोन्हींची तिला स्वतःलाच घाई नव्हती. आठवड्याच्या मिसळणीसाठी तिने आपलं दूध छोट्या पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. कसं वितळवायचं, किती घालायचं, सगळं नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. केसाइतकी चूक त्याला चालत नसे. मान डोलावून "कळलं" म्हणाला होता.

तिने फ्रीजर उघडला. आत मटारच्या पिशव्या होत्या.

"ताई, माझं दूध कुठंय?"

"ते शिळं? टाकलं पहिल्याच दिवशी. मटार स्वस्त मिळाले, ठेवायला जागा नको?"

फ्रीजरचं दार तिने इतक्या जोरात लावलं की वरचा डबा खाली आला. दिवसभर स्टिअरिंग फिरवून आल्यावर, डोळे मिटत असताना थेंब-थेंब काढलेलं दूध. ते फेकून त्या जागी या बाईने मटार ठेवले होते.

एवढ्यात बाहेरच्या खोलीतून भुंगीचा आवाज आला. ती सोफ्याच्या कोपऱ्याला धरून, लालबुंद होऊन कुंथत होती. मग किंचाळून रडायला लागली.

"असं कधीपासून?"

"दोन-तीन दिवस झाले असतील," आत्या म्हणाली. "शी कडक होते थोडी. जेवत नाही ना काही. पण दूध पिते भरपूर, पोट भरल्याशी कारण."

आईने तिला उचललं. भुंगीने अंग ताठ केलं, आईच्या छातीवर दोन्ही हात टेकवून स्वतःला मागे रेटलं. दाटलेल्या छातीत कळ गेली. त्या कळेपेक्षा ते रेटणं जास्त लागलं.

नवरा आला तेव्हा आई जेवणाच्या टेबलापाशी बसली होती. तिच्याकडे बघून त्याने दारातच चष्मा काढून पुसायला घेतला. अडचणीत सापडला की तो नेहमी हेच करायचा.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"ताई म्हणाली, आई समोर नसताना मूल लवकर विसरतं. मला वाटलं, तुलाही सोपं जाईल."

"मला विचारलंस?"

"तू फोनवर दमलेली असायचीस."

"फोनवर तिचं तोंडसुद्धा दाखवलं नाहीत मला. रडेल म्हणालात. मी मूर्खासारखी विश्वास ठेवून तिकडे दूध बेसिनमध्ये ओतत होते, आणि इकडे तुम्ही तिला सांगताय की तिच्या आईत किडे आहेत."

"अगं, मुलांना असंच सांगतात," आत्या मधे पडली. "सुटलं ना शेवटी?"

"सुटलं नाही, ताई. तुम्ही तोडलंत. आणि माझ्या पाठीमागे तोडलंत. ती माझ्या कडेवर यायला घाबरते. तुम्हाला यात काहीच वाटत नाही?"

"मदतीला आले तर हे बक्षीस."

"मुलगी सांभाळलीत, त्याचे उपकार आहेत. या गोष्टीचे नाहीत. आणि हे मी गोड शब्दांत सांगणार नाही."

आत्याने भावाकडे पाहिलं. भाऊ चष्मा पुसतच राहिला. बहिणीचीही बाजू घेईना, बायकोचीही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या बॅग भरून निघाली. तिला गाडीवर सोडून तो परतला, तेव्हा बायको भुंगीला डॉक्टरांकडे न्यायला तयार होऊन उभी होती.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. बाटली बंद, साखर बंद, म्हणाल्या. आधी जेवण, मग दूध, तेही पेल्यातून आणि बेताचं. नुसत्या दुधाने पोट भरलं तर मूल जेवणार कधी? मग आईकडे बघून त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या छातीत दुधाच्या गाठी झाल्या असतील, त्यांचं काय?" हे विचारणारं आठवडाभरात पहिलंच कुणी भेटलं होतं. नवरा शेजारीच बसला होता. तेव्हा कुठे त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

घरी आल्यावर ती त्याला म्हणाली, "किड्यांचं खोटं होतं, हे तू तिला सांगायचंस. मी नाही सांगणार. मी का सांगू?"

तो जमिनीवर मांडी घालून बसला. "भुंगे, आईचं दूदू छी नाहीये. बाबा चुकला. आत्या चुकली." भुंगीने त्याचा चष्मा ओढला. तो पुन्हा म्हणाला. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी पुन्हा, आल्यावर पुन्हा. काचांवर बोटांचे डाग तसेच ठेवून बोलत राहिला. बायको एका शब्दाने मदत करत नव्हती.

पेला आता तोच भरायचा. कोमट करून, चमचाभर आईचं घालून. भुंगी बाटलीसाठी भोकाड पसरायची, पेला लाथाडायची. तो फरशी पुसून पुन्हा भरायचा. आई ड्युटीवरून येऊन नुसती शेजारी बसायची, हात पुढे करायची नाही.

एका संध्याकाळी ती युनिफॉर्म न बदलताच सोफ्यावर टेकली होती. भुंगी चढून मांडीत आली. शर्टाचं बटण ओढलं, थांबली, बापाकडे पाहिलं.

"छी नाही," तो म्हणाला.

भुंगी प्यायली. थोडंच प्यायली, मग उतरून खेळायला गेली. आई तशीच बसून राहिली. इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू आलं आणि त्यातही रागच जास्त होता.

पुढे ते संध्याकाळचं पिणं आपोआप कमी होत गेलं. खेळात भुंगी विसरायची, आई आठवण करून द्यायची नाही. झोपतानाचं मात्र पुष्कळ दिवस टिकलं. मग एकदा भुंगीने स्वतःच पेला मागितला, पिऊन उशीवर आडवी झाली आणि झोपली. आईने तिच्या अंगावर पांघरूण घातलं. वाईट वाटलं, पण ते वाटणं तिचं स्वतःचं होतं, कुणी लादलेलं नव्हतं.

नंतर आत्याचा फोन आला. नवऱ्याने तो बायकोसमोर धरला.

"सुटलं का गं?" आत्याने विचारलं.

"सुटलं," ती म्हणाली. "भुंगीला भेटायला या हवं तर. पण तिच्या बाबतीत काही करायचं झालं, तर आधी मला विचारायचं."

पलीकडे आत्या हवापाण्याचं बोलू लागली. तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"अजून राग आहे तुला," फोन ठेवल्यावर तो म्हणाला.

"आहे. तुझ्यावर जास्त आहे."

त्याने यावर चष्मा काढला नाही. "बरोबर आहे," म्हणाला आणि भुंगीचा पेला धुवायला उठला.