सैल केलेली चाकी

कटिंग मास्तरांचं उजवं मनगट जिन्यावरून घसरताना मोडलं, आणि सहा आठवड्यांनी प्लास्टरमधून हात बाहेर आला तो परक्यासारखा. आपलाच, पण ओळख दाखवीना. चमचा धरवेना, गुंडी लागेना. तीस वर्षं कोटाच्या कापडावर सपासप कात्री चालवणारा हात टेबलावर पडून राही, भिजल्या पाखरासारखा. दुकानाच्या मालकीणबाई भल्या, तरी शेवटी म्हणाल्याच, "मास्तर, महिनाअखेरीपर्यंत थांबते. मग मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"रोज काहीतरी गोल फिरवा," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, म्हणून मुलीनं कॉफी दळायची लाकडी चक्की पाठवली. वर दांडा, खाली पूड पडायचा खण, आणि दांड्याच्या बुडाशी पितळी चाकी. चाकी आवळली की पूड बारीक, सैल केली की जाडीभरडी.

पहिल्या सकाळी मास्तरांनी चक्की गुडघ्यांत धरली, मूठभर बिया टाकल्या आणि चार फेऱ्यांतच दमून दांडा सोडला. बाकीच्या बिया बायकोनं दळल्या. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी सात फेऱ्या झाल्या, तिसऱ्या दिवशी पंधरा. आठवडा उलटला तेव्हा दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. बायको कपाला ओठ लावून रोज म्हणे, "वा! आज काय झकास झालीय!" मास्तरांचे पाय जमिनीवर ठरेनात. शनिवारी त्यांनी मालकीणबाईंना फोन ठोकला. "सोमवारी येतो. लोकरीचा तागा काढून ठेवा, कोट मीच कापणार!"

रविवारी सकाळी थोरली बहीण आली. जिभेला हाड नसलेली बाई. एक घोट घेतला नि कप खाली ठेवला.

"अरे, ही कॉफी आहे की कप विसळलेलं पाणी?"

"वन्सं, बिया जरा हलक्या आहेत," बायको घाईनं म्हणाली.

मास्तरांनी खण ओढला. चिमूटभर पूड बोटांत चोळली. कापडाचा पोत अंधारात ओळखणारी बोटं ती. ही पूड कुठली, हा तर भरडा! त्यांनी चाकी आवळून पाहिली. एक फेरा, दोन, तीन. चौथ्याला कुठे ती अडली.

"ही सैल कुणी केली?"

बायको ओट्याच्या कडेवरून फडकं फिरवत राहिली. कड कधीच कोरडी झाली होती.

"रोज दुपारी तुम्ही पडलात की सूतभर," ती शेवटी म्हणाली. "अहो, भिंतीकडे तोंड करून बसलात, ते बघवेना मला."

"आणि मी उद्या लोकर कापायला निघालो होतो! तागा फुकट गेला असता, वर चारचौघांत तोंड काळं! बरा होतोय म्हणून नाचत होतो गं मी."

"मग रडत बसला असतात का?" बहीण मधे पडली. "तिचं चुकलंच. पण भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्याला दांडा धरायला लावलाच ना तिनं? दळ आता, आवळून. मला धड कॉफी हवीय."

मास्तरांनी नव्या बिया टाकल्या. दांडा जागचा हलेना. त्यांनी दातावर दात दाबले. अर्धा फेरा झाला आणि दांडा खर्रकन अडला. बायको न विचारता समोर येऊन बसली आणि तिनं चक्की दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग मान खाली घालूनच गुणगुणली,

"फिर बाबा मनगटा, नको बसू रुसून,
कात्रीच्या डोळ्यांचं पाणी कोण घेईल पुसून?"

"माझ्या रागाचं गाणं करतेस होय?" मास्तर म्हणाले, पण दांडा त्या चालीवर फिरू लागला. चार फेऱ्या, दम. पाच फेऱ्या, दम. मनगट ठणकलं की खांदा कामाला लावायचा, खांदा भरला की थांबायचं. बहिणीनं तेवढ्यात सबंध वर्तमानपत्र वाचून घडी घातली. बायकोनं एकदाही दांड्याला हात लावला नाही.

अखेर खणात पूड पडली. बारीक, काळीभोर, खमंग. मास्तरांनी हात उलटसुलट करून पाहिला. ठणकत होता, पण हा ठणका ओळखीचा होता. दिवसभर काम केलेल्या हाताचा.

कॉफी गाळायच्या आधी त्यांनी फोन उचलला.

"मालकीणबाई, काल जरा चढूनच बोललो. येतो सोमवारी, पण लोकर नको. पातळ अस्तरं द्या, नि अर्धा दिवस. जाड कापडाला अजून वेळ लागेल. जमत असेल तर सांगा, नसेल तर तसं सांगा."

बायकोचा हात किटलीवर थांबला.

"अहो मास्तर, अस्तरांचा तर डोंगर झालाय," मालकीणबाई म्हणाल्या. "कोटाचं पुढे बघू. नऊला या."

मास्तरांनी फोन ठेवला आणि बायकोकडे वळून, अजून थोडं फुगूनच, म्हणाले, "उद्या डबा नको. दुपारी जेवायला घरी आहे."