येथे थांबू नये

मी बोईसरच्या एका दारूच्या दुकानाबाहेरची पाटी बोलतेय. खरं तर बोलणं हे माझं काम नाही, मला नुसतं वाचलं जावं एवढंच अपेक्षित आहे. पण कोणी वाचतच नाही म्हटल्यावर शेवटी तोंड उघडावं लागलं.

मूळची मी माकुणसार गावच्या एका आंब्याची फळी. मारुती सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं ते बाकासाठी. वाडीत कोणीतरी दमूनभागून येईल, माझ्यावर टेकेल, असं मला वाटत होतं. पण ऐन वेळी शैलेशशेठना आपल्या दारूच्या दुकानासाठी पाटी हवी झाली आणि लोकांना बसवायचं सोडून मी त्यांना हाकलायच्या कामाला लागले.

पहिल्यांदा माझ्यावर लिहिलं, ‘दुकानासमोर दारू पिऊ नये.’ लोक इतके आज्ञाधारक, की लगेच दुकानामागे जाऊन पिऊ लागले. मग वरून नियम बदलून आला. जुन्या अक्षरांवर पांढरा ब्रश फिरला आणि मजकूर आला, ‘येथे विनाकारण थांबू नये.’ यावर तर मंडळी खूशच झाली. एकाला रिक्षाची वाट बघायची असे, दुसऱ्याला मित्राची, तिसऱ्याचं डोकं शांत व्हायचं असे. विनाकारण थांबलेला माणूस मला तरी तिथे दिसला नाही. शेवटी नियमातून तो शब्दही गेला. राहिलं नुसतं, ‘येथे थांबू नये.’ जो थांबेल त्याला दंड, आणि दुकानाच्या परवान्यालाही धोका.

माझ्या सावलीत प्रेमला बसायची. किनाऱ्यावरच्या गावातून येणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई. टोपलीत सुके बोंबील आणि सुकट. नवऱ्याची होडी केव्हाच मोडीत गेलेली, तेव्हा घरची चूल या टोपलीवरच पेटायची. गुडघे धरलेले, त्यामुळे एकदा बसली की संध्याकाळपर्यंत उठायची नाही. पिणारे तिचे गिऱ्हाईक होतेच, पण कारखान्यातून सुटलेल्या बायकाही घरी जाताना तिच्याकडून वाटाभर सुकट घेऊन जायच्या.

नवा नियम लागला त्या संध्याकाळी हवालदार विनोद पावतीपुस्तक घेऊन आले. बघतात तर काय, कोणीच थांबलेलं नाही. सगळे हातातल्या पिशव्या सांभाळत दुकानासमोर येरझारा घालताहेत. देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे.

त्यांनी एकाला अडवलं.

“साहब, हम रुके कहाँ हैं? चल रहे हैं. रुकाया तो आपने.”

मागून बन्सी रिक्षावाला म्हणाला, “शतपावली चाललीय साहेब. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“कोणत्या डॉक्टरांनी?”

“तेही पुढे चाललेत बघा, निळ्या शर्टातले.”

हवालदारांनी चौफेर नजर फिरवली. कारवाई तर दाखवायला हवीच. अख्ख्या रस्त्यावर एकच जीव एका जागी होता. आयुष्यात थेंबभर दारू न चाखलेली प्रेमला. पावती तिच्या नावाने फाटली.

“पुन्हा बसलेली दिसलीस तर टोपली जप्त करीन,” हवालदार म्हणाले.

शैलेशशेठ बाहेर आले. “प्रेमलाबाई, उद्यापासून इथे नको. माझा परवाना जाईल.”

“शेठ, दारू तुमी विकता, नि हटायचं मी?”

“मी काय करू? पाटीवर लिहिलंय.”

सगळं माझ्यावर ढकलून ते आत गेले. मी काय बोलणार? माझ्या तोंडात शब्द घालणारे तेच.

दुसऱ्या दिवसापासून प्रेमलाही टोपली डोक्यावर घेऊन त्या येरझाऱ्यांत सामील झाली.

“मावशी, तुमीपण शतपावलीला?” बन्सीने विचारलं.

“काय करू, बसलं तर पावती फाटते. तू बोंबील घेतोस का?”

“घेतला असता, पण घ्यायला थांबावं लागंल.”

लोक हसले. ती हसली नाही. गुडघा दाबत चालत राहिली. गिऱ्हाईक थांबेना, सुकट सर्दाळून मऊ पडली. मग ती यायचीच बंद झाली. नियमाचा केवढा हा विजय. पिणारे सगळे जागेवर, न पिणारी एकटी गायब.

काही महिन्यांपूर्वी नियम पुन्हा बदलला. आता दुकानासमोर रस्त्यावर पिवळी रेषा आखली आहे, रेषेच्या आत कोणी थांबायचं नाही. चकचकीत पत्र्याची नवी पाटी आली आणि मला उखडून गटाराकडेला टाकलं. ही बातमी ऐकून प्रेमला आली. तिने रेषा नीट बघितली, मला उचललं, रेषेच्या बाहेर दोन विटांवर आडवं ठेवलं. मागच्या बाजूला खिळे, म्हणून अक्षरं वर. आणि हळूच, गुडघा सांभाळत, ती नेमकी ‘थांबू नये’वर बसली.

हवालदारांनी रेषा पाहिली, तिला पाहिलं, आणि जाताना मूठभर सुकट घेतली.

तर मी शेवटी बाक झाले. पिणारेही येरझारा सोडून आमच्याभोवती निवांत उभे असतात. रेषेबाहेरची ही जागा म्हणजे बालवाडीचं फाटक आहे, पण ते कोणाच्या नियमात नाही. सकाळी मुलं यायच्या आधी प्रेमलाच बाटल्या उचलून बाजूला करते.

पुढचा नियम लिहिणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. लेखणी उचलण्याआधी एकदा इथे येऊन बसा. प्रेमला सरकून जागा देईल. अक्षरं टोचत नाहीत, झिजून गेलीत.